मॉनिटरखालचा पिवळा कागद

गेल्या महिन्यात आमच्या उपग्रहाच्या कंट्रोल रूमची साफसफाई झाली आणि चार नंबरच्या कन्सोलवरचा पिवळा कागद गेला. झालं एवढंच. तीन बोटं रुंद कागद, कोपरे वळलेले, वरून टेप मारलेली, ती टेप सुटायला लागली म्हणून तिच्यावर दुसरी टेप. निळ्या पेनने लिहिलेलं, 'हीटर २ ऑन दिसला तर ऑफ समजा.' खाली सही नाही, तारीख नाही. आम्ही जुने लोक तर तो वाचतही नव्हतो, नजर तिथून नुसती फिरायची आणि हात आपोआप बरोबर वळायचा. ज्यांनी साफ केलं त्यांनी मनापासून केलं, कागद काढला आणि मागचा चिकट डागसुद्धा घासून काढला.

त्याच आठवड्यात रात्रपाळीला माझ्यासोबत एक नवीन मुलगा होता. दोन-अडीच महिने झालेत त्याला लागून, हुशार आहे, प्रोसिजर तोंडपाठ असतात त्याच्या. तीन वाजून गेले होते. एसीची एकसुरी घरघर, हेडसेटने तापलेला कान, आणि पास, म्हणजे उपग्रह आमच्या टप्प्यात असण्याचा वेळ, जेमतेम अकरा मिनिटांचा. उपग्रह क्षितिजावर आला, सिग्नल लॉक झाला, टेलिमेट्रीचे, म्हणजे उपग्रहाने स्वतःबद्दल पाठवलेले आकडे भराभर उतरायला लागले आणि त्यात बॅटरीचं तापमान हिरव्यातून पिवळ्यात गेलेलं. त्याने हीटरचं पान उघडलं. हीटर २ ऑन. म्हणाला, "मॅडम, हीटर चालू आहे तरी बॅटरी गारच होतेय. हीटर गेला वाटतं. दुसऱ्या लाईनवर टाकू का?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं, समोर जे दिसतंय त्यावरून कुणीही हेच म्हटलं असतं. मी सवयीने मॉनिटरच्या खाली बघितलं तर तिथे नुसतं काळं प्लास्टिक. दोन सेकंद मला काही सुचेना. मग आठवलं. म्हटलं, "थांब, थांब. तो बंद आहे. तिथे ऑन म्हणजे ऑफ. तू ऑनची कमांड पाठव." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे, आणि पाठवली. ऑनचं ऑफ झालं. पास संपायच्या आत तापमानाचा शेवटचा आकडा एकने वर सरकला.

नुकसान काहीच झालं नाही.

पण सकाळी घरी येऊन पडले तरी झोप लागेना. समजा मी शेजारी नसते तर काय झालं असतं? त्याने राखीव लाईनवरचा हीटर चालू केला असता, बॅटरी गरम झाली असती, सगळं ठीक दिसलं असतं, आणि लॉगमध्ये नोंद पडली असती की हीटर २ निकामी. एक धडधाकट हीटर कागदावर मेला असता. मग वर्ष-दोन वर्षांनी कधीतरी तो राखीव खरंच बिघडला असता तर आम्ही 'आता काहीच उरलं नाही' म्हणून हात टेकले असते, आणि हीटर २ तिथेच असता, चांगला, कुणी चालू करायची वाट बघत. एवढं सगळं होऊनही एकही माणूस चुकला नसता, मला झोपू देत नव्हतं ते हे.

हे उलटं कसं झालं ते मला माहितीये, कारण नऊ वर्षांपूर्वी उपग्रह वर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हीच ते शोधलं होतं. हीटर चालू करणाऱ्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, कॉन्टॅक्टच्या एका जोडीतून हीटरला करंट जातो आणि दुसऱ्या जोडीतून 'मी चालू आहे' ही खबर टेलिमेट्रीला जाते. ड्रॉइंग काढणाऱ्याने खबरीसाठी जो कॉन्टॅक्ट सोयीचा पडला तो घेतला, आणि तो नेमका असा होता की रिले ओढला गेला की उघडतो. म्हणजे हीटर चालू, बिट शून्य, आणि स्क्रीनवर 'ऑफ'. तसं बघितलं तर माहिती पूर्ण मिळतेय, फक्त उलटी मिळतेय, आणि आकड्यांचे शब्द करणाऱ्या डेटाबेसमध्ये एका जागी शून्याच्या पुढे 'ऑन' लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. जमिनीवर टेस्टिंग चाललेलं असताना हे कुणाला खुपलं नसणार, तिथे हीटर समोर असतो, तापला की कळतं. वर गेल्यावर आपल्याकडे तो एक शब्दच असतो फक्त. आम्हाला कळलं तेव्हा डेटाबेस बदलायचा म्हणजे त्यावर चालणाऱ्या सगळ्या प्रोसिजर, लिमिट, सिम्युलेटर, सगळं परत तपासायचं होतं आणि त्या आठवड्यात लोकांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. मग आमच्या एका सीनियर ऑपरेटरांनी वहीतलं पान फाडलं, लिहिलं, चिकटवलं, म्हणाले तात्पुरतं राहू दे. ते रिटायर झाले. कागद राहिला.

इतकी वर्षं कन्सोलवर बसून माझं एक मत पक्कं झालंय. यान बनवताना जे वजन वाचवतात, जी वायर, जी मोटर, जो खर्च वाचवतात, तो वाचत नाही, तो खाली उतरतो. कधी प्रोसिजरमधली वाढीव पानं होऊन उतरतो, कधी रात्रपाळीतल्या कुणाच्या तरी लक्षात ठेवायच्या गोष्टी होऊन. कॅसिनीचं उदाहरण घ्या. शनीला जाणाऱ्या त्या यानाला आधी कॅमेऱ्यांसाठी फिरता प्लॅटफॉर्म असणार होता, म्हणजे यानाचं तोंड कुठेही असो, कॅमेरे आपले हवं तिकडे वळणार. १९९२ मध्ये खर्च कमी करायची वेळ आली आणि तो प्लॅटफॉर्म काढला, उपकरणं थेट यानाच्या अंगावर बसवली. यान बनवायला सोपं झालं, स्वस्त झालं. पण आता त्याला मानच नाही. ऑर्बिटरवर १२ उपकरणं, कुणाला कडी बघायचीत, कुणाला टायटन, कुणाला अजून तिसरंच काही, आणि कुठेही बघायचं तर अख्खं यान वळवायचं. मोठी अँटेनाही अंगालाच जोडलेली, त्यामुळे बघताना पृथ्वीशी बोलता येत नाही आणि बोलताना बघता येत नाही. २००४ ते २०१७, तेरा वर्षं, प्रत्येक तासाला यानाचं तोंड कुठे असणार यावर वेगवेगळ्या टीमनी बसून, भांडून, वाटून घेऊन वेळापत्रक विणलं. मी त्या मिशनवर नव्हते, पण ती मीटिंग कशी असते ते मला माहितीये. त्या मिशनने जे दिलं ते बघून मन भरून येतं आणि त्याच वेळी असंही वाटतं की ती मान माणसांनी आपल्या खांद्यावर वाहिली.

मंगळाकडे निघालेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सगळ्यांना एका ओळीत माहितीये, पौंड आणि न्यूटनचा घोळ झाला आणि २३ सप्टेंबर १९९९ ला यान गेलं. मला मात्र त्या गोष्टीत आधी दिसतं ते सोलर पॅनेल. ते एकाच बाजूला होतं. सूर्यप्रकाशाचा दाब तो केवढा, पण एकाच अंगावर पडत राहिला की यान सतत किंचित वळू बघतं, त्याला रोखून धरताना आतली रिॲक्शन व्हील्स, म्हणजे यानाला स्थिर धरणारी चाकं, वेग घेत जातात, आणि ती फार वेगात गेली की थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, मारून त्यांना मोकळं करावं लागतं. हे काम नॅव्हिगेशनवाल्यांनी धरलं होतं त्यापेक्षा दहा ते चौदा पट जास्त वेळा करावं लागत होतं. दर वेळी बारीकसा धक्का, आणि दर धक्क्याचा परिणाम हिशेबात ४.४५ पट कमी धरलेला. दोन्हीकडे सारखी पॅनेल असती तर एककाची चूक तिथेच राहिली असती पण तिला साठायला एवढी संधी मिळाली नसती. पुढचं मला जास्त लागतं. पहिले चार महिने फाईलचा फॉरमॅटच जुळत नव्हता म्हणून ही माहिती ईमेलने जायची. नंतर काहीतरी जुळत नाहीये हे नॅव्हिगेशनच्या लोकांना जाणवलंही होतं, ते बोललेही होते, पण आपसात, ईमेलवर, रीतसर नोंद अशी पडली नाही. मंगळाला वळसा घेताना यान २२६ किलोमीटर उंचीवरून जायचं होतं, मागाहूनच्या हिशेबात ते ५७ पर्यंत खाली उतरल्याचं निघालं. ते ईमेल मी वाचलेले नाहीत, पण ते कसे दिसत असतील असा विचार केला की मला पिवळे कागदच दिसतात.

सोहोचं तर मी आमच्या नव्या मुलांना दर वर्षी सांगते. सूर्याकडे बघणारं यान, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर. त्याच्या जायरोंचं, म्हणजे यान किती फिरतंय ते मोजणाऱ्या उपकरणांचं, आयुष्य वाचावं म्हणून नेहमीची प्रोसिजर बदलून आटोपशीर केली होती, आणि त्या नव्या प्रोसिजरमध्ये बंद केलेला एक जायरो परत चालू करायची कमांड राहून गेली. जून १९९८ मध्ये यान अडचणीत आलं, सूर्य शोधायच्या आपत्कालीन मोडमध्ये गेलं, आणि तो मोड नेमका त्याच बंद जायरोवर विसंबून. बंद जायरो खोटं सांगतोय, चालू असलेला दुसरा जायरो खरं सांगतोय की यान फिरायला लागलंय, आणि कन्सोलवरच्या लोकांना दोघांचं जुळेना. त्यांनी ठरवलं की दुसरा बिघडला. तो बंद केला. संपर्क तुटला. वाचताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो कारण मला ती खुर्ची माहितीये, दोन आकडे एकमेकांना खोटं पाडतायत आणि घड्याळ पळतंय. त्यांच्या स्क्रीनवर 'हा जायरो बंद आहे' हे डोळ्यांत भरेल असं लिहिलेलं असतं तर? मग जुलैमध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून रडार सोडून, गोल्डस्टोनच्या अँटेनावर त्याचा प्रतिध्वनी पकडून यान सापडलं, ऑगस्टमध्ये बारीकसा सिग्नल आला, गोठलेलं इंधन हळूहळू वितळवलं आणि सप्टेंबरमध्ये ते पुन्हा सूर्याकडे वळलं. पुढे त्याचे तिन्ही जायरो गेले आणि जायरोशिवाय चालायचं सॉफ्टवेअर लिहून त्याला चालवलं. एवढी चिवट माणसं होती ती, आणि त्यांनाच त्या रात्री कुणी नीट सांगितलं नव्हतं.

उलट बाजूही आहे, ती न सांगणं अन्याय होईल. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर २ मध्ये एक टायमर आहे, आठवडाभर पृथ्वीवरून कमांड आली नाही तर आपलाच रिसीव्हर बिघडला असं समजायचं आणि दुसऱ्यावर जायचं. एप्रिल १९७८ मध्ये टीम व्हॉयेजर १ च्या कामात गुंतली होती आणि व्हॉयेजर २ ला कमांड पाठवायची राहून गेली. यानाने सांगितलं होतं तसंच केलं, दुसऱ्या रिसीव्हरवर गेलं, त्याचा फ्रिक्वेन्सीमागे जाणारा भाग निकामी निघाला, परत पहिल्यावर आलं तर तो थोड्या वेळात कायमचा गेला. तेव्हापासून आजपर्यंत ते यान त्या अर्ध्या कानाने ऐकतंय, आणि त्याचा रिसीव्हर किती तापलाय, कुठल्या फ्रिक्वेन्सीला ऐकू येईल याचा हिशेब करून खालून बोलावं लागतं. यात टायमर चुकला म्हणायचं का? मला नाही तसं म्हणता येत. त्याच यानात वर्षातून काही वेळा आपोआप अँटेना पृथ्वीकडे वळवून घ्यायची सोय आहे. जुलै २०२३ मध्ये चुकीच्या कमांडने अँटेना २ अंश सरकली, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ते आपणहून वळणार होतं. कॅनबेराच्या अँटेनावरून पूर्ण ताकदीने कमांड फेकून ऑगस्टमध्येच ते परत मिळालं ही वेगळी गोष्ट. पण त्या दिवसांत टीमला निदान एक तारीख माहीत होती. १९७७ च्या आधी कुणीतरी टेबलावर बसून विचार केला होता की खाली बसलेला माणूस कधीतरी चुकेल, तेव्हा त्याला परत यायला एक दार उघडं ठेवू या.

त्या माणसाला मला भेटायला आवडलं असतं.

अशी दारं मी गोळा करत असते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा कॉम्प्युटर सारखा रीसेट व्हायला लागला तेव्हा खाली कारण सापडलं, कारण टेस्टिंगच्या वेळची नोंदी ठेवायची सोय त्यांनी उडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून टाकली नव्हती, आणि जमिनीवरच्या जोडीदार मशीनवर तोच घोळ परत घडवून आणता आला. न्यू होरायझन्सला प्लूटोपर्यंत साडेनऊ वर्षं जायचं होतं, एवढी वर्षं रोज कोण जागणार, म्हणून त्याला झोपवून न्यायचं हे आधीच ठरवलं. प्रवासातले १८७३ दिवस ते झोपलेलं होतं आणि आठवड्यातून एकदा नुसता एक सूर पाठवायचं, त्या सुरावरून कळायचं की ठीक आहे की मदत हवी. मंगळयानाचं इंजिन २४ सप्टेंबर २०१४ ला पेटलं, त्यातला बराचसा वेळ यान मंगळाच्या आड होतं आणि सिग्नलला एकीकडून यायलाच बारा मिनिटं, म्हणजे त्या वेळी खालून करण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्या कमांड आधीच चढवलेल्या. टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितले ते वाट बघणारे चेहरे, मी बघत होते टेबलावरचे त्यांचे हात. हात रिकामे होते, आणि ते रिकामे ठेवता यावेत म्हणून आधी कितीतरी महिने कुणीतरी राबलं होतं.

तरी माझं मन पूर्ण एका बाजूला नाही. सगळं यानावरच सोपवलं की खालच्या माणसाचा हात सुटतो. मी नवीन असताना रोज पासमध्ये आकडे बघून बघून मला त्या उपग्रहाची चाल कळायला लागली होती, सावलीतून बाहेर येताना पॅनेलचा करंट कसा उसळतो, कुठलं व्हील थोडं रखडतं. ते कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये नाही. आता अर्धे पास माणसाशिवाय होतात, मला रात्री झोप मिळते, पण या मुलाला ती चाल कधी कळणार? आणि दुसरं म्हणजे डिझाइनवाले बेफिकीर नसतात. मी त्यांच्या रिव्ह्यूला बसलेय, ग्रॅम-ग्रॅमसाठी ती माणसं रात्र रात्र जागतात. त्यांची मुदत लाँचच्या दिवशी संपते आणि आमची त्या दिवशी सुरू होते, दोघांची गाठच पडत नाही. रिव्ह्यूमध्ये ऑपरेशन्सची स्लाइड शेवटची असते, तोवर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं असतं.

या वेळी मी थांबले नाही. पुढच्या उपग्रहाचा रिव्ह्यू होता, रिलेच्या पानावर आले तेव्हाच हात वर केला आणि त्या रात्रीचं सगळं सांगितलं. पॉवरचं डिझाइन करणारा इंजिनियर शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, पण हे डेटाबेसमध्ये सरळ करता येतं ना." मी म्हटलं, "येतं. नऊ वर्षं येतंच होतं. तुम्ही एक रात्र या आमच्याकडे." वाटलं नव्हतं, पण तो आला. परवा रात्री, तीनच्या पासला. त्याला जास्तीचा हेडसेट दिला, नव्या मुलाच्या शेजारी बसवलं. उपग्रह यायला चार मिनिटं होती, खोलीत कुणी बोलत नव्हतं, आणि तो मॉनिटरच्या खाली वाकून बघत होता. तिथे आता दुसरा पिवळा कागद आहे. नव्या मुलाने लावलाय, ठळक अक्षरात, खाली तारीख, सही, आणि कुठल्या प्रोसिजरच्या कुठल्या पायरीला लागू आहे तेही. इंजिनियरने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "ड्रॉइंगमधली ती ओळ मीच काढली होती. तेव्हा मी नवीनच लागलो होतो." थोड्या वेळाने म्हणाला, "डेटाबेसचा बदल मी लिहून देतो, तपासायलाही मी बसतो. हा कागद मग काढता येईल ना?"

"येईल ना," मी म्हटलं, "पण तोपर्यंत राहू दे."

हेडसेटमध्ये स्टेशनचा आवाज आला, सिग्नल मिळाला. आकडे उतरायला लागले. मुलाने हीटरचं पान उघडलं, बोट कागदावर टेकवलं आणि मग स्क्रीनकडे बघितलं. हीटर २ ऑफ दिसत होता. बॅटरी उबदार होती.